डिस्क ‘हजर’ का म्हणत नाही?

मुलांनो, शाळेची घंटा होते, प्रार्थना होते आणि मग वर्गात पहिलं काम कोणतं? बरोबर, हजेरी! बाई एकेक नाव घेतात आणि तुम्ही ‘हजर’ म्हणता. ज्याचा आवाज येत नाही त्याच्या नावापुढे फुली पडते. पण आता नीट विचार करा हं. आवाज आला नाही म्हणजे तो मुलगा वर्गात नाहीच, असं ठरतं का? त्याचा डोळा लागला असेल. गोंगाटात त्याला नाव ऐकू गेलं नसेल. एकाच नावाची दोन मुलं असतील आणि दोघंही एकमेकांकडे बघत बसली असतील. किंवा हजेरीपटावर त्याचं नावच लिहायचं राहिलं असेल!

संगणकही बटण दाबल्याबरोबर अशीच हजेरी घेतो. हे काम करणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमचं नाव बायोस. तो मदरबोर्डवरच्या एका चिपमध्ये साठवलेला असतो. जुन्या संगणकांत तर ही हजेरी पडद्यावर चक्क वाचता येते. प्रायमरी मास्टर, प्रायमरी स्लेव्ह, सेकंडरी मास्टर, सेकंडरी स्लेव्ह अशी चार नावं येतात. ज्या जागी हार्ड डिस्क सापडते तिथे तिचा नंबर दिसतो. जिथे कोणी सापडत नाही तिथे येतं ‘नन’, म्हणजे कोणी नाही.

आज हा विषय काढायचं कारण आहे एक पत्र. आपल्या एका वाचकाने लिहिलंय, “आमच्या माळ्यावर काकांचा जुना पेन्टियम कॉम्प्युटर आहे. आजीच्या जात्यावरच्या ओव्या काकांनी त्यात टाइप करून ठेवल्या होत्या. आजी आता नाही. कॉम्प्युटर चालू होतो, पण हार्ड डिस्क दिसतच नाही. एका दुकानात दाखवला तर ते म्हणाले, डिस्क गेली. आता दिवाळीच्या साफसफाईत तो भंगारात जाणार आहे. काही करता येईल का?”

‘गेली’ हा फार मोठा शब्द आहे, दोस्तांनो. तो शेवटी वापरायचा. त्याआधी आपण त्या डिस्कला पाच प्रश्न विचारणार आहोत. एका वेळी एकच.

पण ही डिस्क आहे तरी कोणती? १९९०च्या दशकातल्या घरगुती संगणकांत बहुतेक वेळा आयडीई जातीची डिस्क असे. वेस्टर्न डिजिटल, कंट्रोल डेटा आणि कॉम्पॅक या कंपन्यांनी मिळून ही जोडणी तयार केली आणि १९८६ साली कॉम्पॅकच्या संगणकांत ती आली. तिचं वैशिष्ट्य असं की डिस्क चालवणारं सर्किट डिस्कच्याच पोटाखाली बसवलेलं असतं. मदरबोर्ड आणि डिस्क यांच्यामध्ये राहते फक्त एक चपटी, रुंद, पट्टीसारखी केबल. २००३ साली साटा नावाची बारीक केबलवाली जोडणी आली आणि पुढे हळूहळू ही रुंद पट्टी दिसेनाशी झाली.

आधी तीन नियम

पहिला नियम विजेचा. हे काम घरातल्या मोठ्या माणसाला सोबत घेऊनच करायचं. कॅबिनेट उघडण्याआधी बटण बंद करून भागत नाही, भिंतीतला प्लग काढून बाजूला ठेवायचा. याला कारण आहे. जुन्या एटी पद्धतीच्या कॅबिनेटमध्ये पुढच्या बटणापर्यंत थेट भिंतीतली २३० व्होल्टची वीज आलेली असते. संगणक बंद असला तरी! वीज देणारा पत्र्याचा डबा, ज्याला आपल्याकडे सगळे एसएमपीएस म्हणतात, तो तर कधीच उघडायचा नाही. प्लग काढल्यावरही त्याच्या आत वीज साठून राहिलेली असू शकते. आणि आतल्या कुठल्याही भागाला हात लावण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला बोट टेकवायचं, म्हणजे अंगावरची स्थिर वीज निघून जाते.

दुसरा नियम वहीचा. काहीही काढण्याआधी ते कसं जोडलेलं होतं याचं चित्र वहीत काढा. मोबाइल असेल तर फोटोही काढा. एटी मदरबोर्डला वीज देणारे दोन वेगवेगळे जोड असतात आणि ते शेजारी शेजारी बसतात. त्यांची अदलाबदल झाली तर मदरबोर्ड जळू शकतो. खूण लक्षात ठेवा, दोन्ही जोडांच्या काळ्या वायरी मधोमध एकमेकींच्या शेजारी यायला हव्यात. काळ्याशेजारी काळी!

तिसरा नियम सगळ्यात अवघड, कारण तो धीराचा आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, संगणक चालू करून पाहायचा आणि काय झालं ते वहीत लिहायचं. केबल बदलली, जंपर हलवला, बॅटरीही बदलली आणि डिस्क दिसायला लागली, तर बिघाड कशात होता हे तुम्हाला कधीच कळणार नाही. आणि दिसली नाही, तर तुम्ही स्वतःच एखादा नवा बिघाड करून ठेवलाय का, हेही कळणार नाही.

प्रश्न पहिला : जागी आहेस का?

डिस्कला वीज मिळते का ते आधी बघायचं. तिला चार वायरींचा एक जोड असतो. पिवळी वायर १२ व्होल्टची, लाल ५ व्होल्टची आणि मधल्या दोन काळ्या. हा जोड घट्ट बसलाय ना? शंका असेल तर एसएमपीएसमधून आलेला दुसरा मोकळा जोड लावून पाहा. आता प्लग लावा, आतल्या कशालाही हात न लावता संगणक चालू करा आणि कान द्या. डिस्क फिरायला लागली की ‘सूंऽऽ’ असा चढत जाणारा आवाज येतो.

आवाज येतो, पण डिस्क दिसत नाही? मग चालू संगणकावरच कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट या तीन कळा एकदम दाबा. संगणक पुन्हा पहिल्यापासून सुरू होईल, पण डिस्क मात्र फिरतच राहील. कधी कधी म्हातारी डिस्क उठून बसायला वेळ लावते आणि तेवढ्यात बायोसची हजेरी उरकलेली असते. दुसऱ्या हजेरीला ती सापडली, तर समजा की ती उशिरा उठणारी आहे.

आणि ‘टक्, टक्, टक्’ असा एकसारखा आवाज आला तर? तर ताबडतोब बंद करायचं. आतल्या चकतीवरून फिरणारं वाचक टोक आपली जागा शोधतंय आणि ते त्याला सापडत नाहीये. जितका वेळ चालू ठेवाल तितकं नुकसान वाढू शकतं. आत काही मोलाचं असेल तर अशी डिस्क डेटा परत मिळवून देणाऱ्या जाणकाराकडेच न्यायची. ती उघडून बघायचा मोह मात्र नको. ते टोक चकतीपासून इतक्या कमी अंतरावर तरंगत असतं, की धुळीचा एक कणसुद्धा त्या फटीत मावत नाही.

प्रश्न दुसरा : ऐकू येतंय का?

आता पट्टीसारखी केबल तपासू. प्लग पुन्हा काढलात ना? शाब्बास. या केबलच्या जोडाला ४० पिनांची जागा असते. केबलच्या एका कडेला लाल रेघ असते, ती बाजू पिन नंबर १ची. मदरबोर्डवर जोडाच्या शेजारी बारीक ‘१’ छापलेला असतो, तिकडे लाल रेघ हवी. डिस्कवर बहुतेक वेळा लाल रेघ विजेच्या जोडाच्या बाजूला येते. पुष्कळ जोडांत २० नंबरची पिन मुद्दामच ठेवलेली नसते, म्हणजे केबल उलटी बसू नये. पण स्वस्तातल्या केबलींना ही अडवणूक नसते आणि त्या बिनदिक्कत उलट्या बसतात. मग बरेचदा समोरचा डिस्कचा दिवा सतत जळत राहतो आणि संगणक पुढे सरकत नाही.

केबल काढताना पट्टीला धरून ओढू नका, जोडाला धरून हलकेच काढा. पट्टीच्या आतली एक तार तुटली तरी बाहेरून दिसत नाही, म्हणून दुसरी चांगली केबल लावून पाहणं हीच खरी परीक्षा. केबल ४६ सेंटिमीटरपेक्षा, म्हणजे १८ इंचांपेक्षा लांब नको. आणि फ्लॉपीची केबल घेतली नाहीये ना? ती ३४ पिनांची असते आणि अरुंद असते.

३८६ किंवा ४८६ मदरबोर्ड असेल तर डिस्कची केबल बहुधा मदरबोर्डवर नसून एका वेगळ्या कार्डावर लागलेली दिसेल. ते कार्ड काढा, त्याच्या सोनेरी दातांवर पांढरं खोडरबर हलक्या हाताने फिरवा, चुरा झटका आणि कार्ड पुन्हा नीट दाबून बसवा. वर्षानुवर्षांची मळी निघते आणि पुष्कळदा एवढ्यानेच काम होतं.

प्रश्न तिसरा : तुमचा दोघांचा नंबर एकच आहे का?

एका केबलवर दोन यंत्रं बसू शकतात, दोन डिस्का किंवा एक डिस्क आणि एक सीडी ड्राइव्ह. त्यांतल्या एकाचा नंबर मास्टर आणि दुसऱ्याचा स्लेव्ह. कोण कोणता, हे ठरवायला डिस्कच्या पाठीमागे जंपर नावाची इवलीशी टोपी असते. ती कोणत्या दोन पिनांवर बसवली यावर नंबर ठरतो. दोघांनीही मास्टर म्हणवून घेतलं, तर हजेरीच्या वेळी एकाच नावाला दोघं एकदम उत्तर देतात आणि बायोसला एकाचंही नीट ऐकू येत नाही.

उपाय सोपा आहे. दुसरं यंत्र केबलवरून काढून टाका आणि एकट्या डिस्कची परीक्षा घ्या. जंपर कुठे बसवायचा याचा तक्ता डिस्कच्या वरच्या चिकटपट्टीवरच छापलेला असतो. तो वाचाच, कारण प्रत्येक कंपनीची तऱ्हा वेगळी. वेस्टर्न डिजिटलच्या जुन्या डिस्कांवर तर ‘मास्टर’ आणि ‘एकटी’ अशा दोन निरनिराळ्या जागा असतात. डिस्क एकटीच असताना जंपर मास्टरच्या जागी ठेवला, तर ती सोबतच्या स्लेव्हची वाट बघत बसते आणि हजेरी चुकते!

प्रश्न चौथा : हजेरीपट कोरा आहे का?

आतापर्यंत आपण डिस्कलाच विचारत होतो. आता हजेरी घेणाऱ्याकडे वळू. जुना संगणक डिस्कची माहिती सीमॉस नावाच्या छोट्याशा स्मरणशक्तीत लिहून ठेवतो. १९८४ साली आलेल्या आयबीएमच्या पीसी-एटीपासून ही पद्धत पडली. ही स्मरणशक्ती बॅटरीवर जगते. बॅटरी संपली की हजेरीपट कोरा! याची खूणही सोपी आहे. संगणकाचं घड्याळ १९८०सारखं कुठलं तरी जुनंच साल दाखवतं, किंवा पडद्यावर ‘सीमॉस चेकसम एरर’ अशी ओळ येते.

पेन्टियमच्या काळातल्या बऱ्याच मदरबोर्डांवर रुपयाच्या नाण्यासारखा गोल सेल असतो, सीआर२०३२ नावाचा, ३ व्होल्टचा. तो आजही सहज मिळतो. प्लग काढून तो बदला. त्याहून जुन्या मदरबोर्डांवर निळी, पिंपासारखी बॅटरी झाळून बसवलेली असते. ती गळते आणि तिचं रसायन मदरबोर्डच्या तांब्याच्या रेघा खाऊन टाकतं. तिच्या आसपास हिरवट-पांढरा थर दिसला तर हात लावू नका. झाळकाम येणाऱ्या माणसाकडून ती काढून घ्या.

नवी बॅटरी घातली म्हणजे हजेरीपट आपोआप भरतो असं मात्र नाही. संगणक सुरू होताना पडद्यावर सांगितलेली कळ, बहुधा डिलीट, दाबून सेटअपमध्ये जा. तिथे ‘आयडीई एचडीडी ऑटो डिटेक्शन’ असेल तर ते चालवा. नसेल तर डिस्कच्या प्रकाराच्या रकान्यात ‘यूजर’ किंवा ४७ नंबर निवडा आणि चिकटपट्टीवरचे सिलिंडर, हेड आणि सेक्टर हे तीन आकडे भरा. आयडीईचा मार्गच ‘डिसेबल्ड’ करून ठेवलेला नाही ना, तेही पाहून घ्या. शेवटी ‘सेव्ह’ करूनच बाहेर पडा, नाहीतर सगळी मेहनत पाण्यात!

प्रश्न पाचवा : रकान्यात मावतेस का?

हा प्रश्न त्या संगणकाच्या मूळच्या डिस्कला विचारायचा नाही. ती पूर्वी मावत होती, म्हणजे आजही मावते. जुन्या मदरबोर्डला नवी, मोठी डिस्क लावली तर मात्र हा प्रश्न हमखास येतो. वही काढा, थोडं गणित करू.

डिस्कवरची प्रत्येक जागा तीन आकड्यांनी सांगतात, सिलिंडर, हेड आणि सेक्टर. जुन्या बायोसच्या फॉर्ममध्ये यांचे रकाने होते १०२४, २५६ आणि ६३ पर्यंतचे. आयडीई डिस्कच्या फॉर्ममध्ये होते ६५५३६, १६ आणि २५५ पर्यंतचे. दोन्ही फॉर्म एकदम भरायचे, तर प्रत्येक वेळी लहान रकानाच धरावा लागणार. म्हणजे १०२४, १६ आणि ६३. एका सेक्टरमध्ये ५१२ बाइट्स. आता गुणाकार करा.

१०२४ × १६ × ६३ × ५१२ = ५२,८४,८२,३०४ बाइट्स.

याला १०,४८,५७६ ने, म्हणजे एका एमबीने भागलं की बरोबर ५०४ येतात. म्हणून १९९४च्या सुमाराच्या आणि त्याआधीच्या पुष्कळ मदरबोर्डांना ५०४ एमबीच्या पलीकडचं दिसतच नसे! पुढे ही भिंत ओलांडली गेली, तर ८.४ जीबीला दुसरी भिंत लागली. १९९९च्या आधीचे काही बायोस तर ३२ जीबीहून मोठी डिस्क पाहून हजेरी घेतानाच थिजतात. डिस्क ठणठणीत आणि मदरबोर्डही ठणठणीत, फक्त रकाना अपुरा. उपाय? लहान डिस्क लावा. काही मोठ्या डिस्कांवर क्षमता ३२ जीबीपर्यंत दाखवणारा जंपर असतो, तो बसवा. किंवा जुन्या कॅमेऱ्यातलं छोटं कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड अ‍ॅडॅप्टरमधून लावा. ते कार्ड आयडीईचीच भाषा बोलतं.

हजेरी लागली, पण पाठ म्हणता येत नाही!

समजा, पाच प्रश्न विचारून झाले आणि डिस्क ‘हजर’ म्हणाली. पण संगणक पुढे जात नाही, ‘मिसिंग ऑपरेटिंग सिस्टिम’ म्हणतो. इथेच सगळ्यात मोठा धोका आहे. कोणीतरी म्हणतं, फॉरमॅट मारू, मग चालेल. नाही! फॉरमॅट मारणं म्हणजे मुलाला पाठ आठवेना म्हणून त्याची वहीच फाडून टाकणं. सेटअपमध्ये डिस्कपुढे ‘नॉर्मल’, ‘लार्ज’ आणि ‘एलबीए’ अशा तीन पद्धती असतात. ज्या पद्धतीने पूर्वी लिहिलं होतं तीच निवडली तरच नीट वाचता येतं. एकेक निवडून पाहा, फक्त वाचा, काही लिहू नका. संगणकाने दुरुस्ती करू का विचारलं तर ‘नाही’ म्हणा.

आणखी एक चांगला मार्ग आहे. यूएसबीला आयडीई डिस्क जोडणारा अ‍ॅडॅप्टर मिळतो. त्याने ती डिस्क आजच्या संगणकाला जोडून बघा. तिथे दिसली तर दोष जुन्या यंत्रात आहे, डिस्कमध्ये नाही. फार जुन्या, एलबीए न येणाऱ्या डिस्का मात्र अशा अ‍ॅडॅप्टरवर चालतीलच असं नाही. फायली दिसल्या की आधी सगळ्या उतरवून घ्या आणि मगच मूळ यंत्राच्या दुरुस्तीला लागा.

आणि आजीच्या ओव्यांची फाइल उघडल्यावर पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं यांची खिचडी दिसली तर? घाबरू नका, फाइल बहुधा शाबूत आहे. आज आपण मराठी लिहितो ती युनिकोडमध्ये. त्या काळात मराठी टायपिंगची सॉफ्टवेअर मात्र रोमन अक्षरांच्याच जागी देवनागरी आकार बसवत आणि प्रत्येकाची मांडणी निराळी असे. ज्या फॉन्टमध्ये ओव्या टाइप केल्या, तो फॉन्ट मिळाला की ती खिचडी पुन्हा मराठी होते. म्हणून फायलींबरोबर त्या डिस्कवरचा ‘फॉन्ट्स’ फोल्डरही न विसरता उतरवून घ्या. कितीतरी घरांत, छापखान्यांत आणि शाळांत अशी मराठी अजून माळ्यावर पडून आहे. एका संपलेल्या सेलपायी ती भंगारात जायला नको.

या आठवड्याचा गृहपाठ

तीन रोगी आले आहेत. पाचपैकी कोणत्या प्रश्नात त्यांचं दुखणं आहे, ते ओळखा.

१. सकाळी पहिल्यांदा चालू केला की डिस्क दिसत नाही. लगेच तीन कळा दाबून पुन्हा सुरू केला की दिसते.

२. डिस्क एकटी लावली तर दिसते. सीडी ड्राइव्ह एकटा लावला तर तोही दिसतो. दोघं एका केबलवर लावले की दोघंही गुडूप!

३. डिस्कचे आकडे भरून, सेव्ह करून संगणक छान चालतो. रात्री प्लग काढला की दुसऱ्या दिवशी पुन्हा आकडे भरावे लागतात आणि घड्याळही चुकलेलं असतं.

उत्तरं पोस्टकार्डावर पाठवा आणि ती तुम्ही कशावरून ओळखलीत, तेही एका ओळीत लिहा. नुसत्या उत्तराला निम्मेच गुण, बरं का! बरोबर उत्तरं पुढच्या अंकात.